आइस हॉकी : १३६ मिलियनची हिशोबपट्टी. भाव दिसला, चुकारा किती?

पऱ्हाटीवाला
खेळाडू किरिल काप्रिझोव, संघ मिनेसोटा वाइल्ड. आठ वर्षं, १३६ मिलियन डॉलर, म्हणजे वर्षाचे १७ मिलियन. सही ३० सप्टेंबर २०२५ ची, लागू २०२६-२७ च्या हंगामापासून. एनएचएलमधला (अमेरिका-कॅनडातली मोठी आइस हॉकी लीग) आजवरचा सगळ्यात मोठा करार. डॉलर ८५ चा धरला तर ११५६ कोटी रुपये. (पूर्ण धाग्यात ८५ च धरू. रोजचा भाव पाहून भांडू नये.)

गावात हा आकडा फिरला की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, पोरायले आतापासून स्केट घेऊन द्या. दुसरी म्हणते, पेपरातला आकडा म्हणजे बाजार समितीच्या बोर्डावरचा भाव. चुकारा ओलावा, कटती, हमाली, तोलाई वजा जाऊन हाती येते. मी दुसऱ्या पार्टीतला.

तर जाणकारांनी पट्टी मांडून द्यावी. वरून काय काय कापल्या जाते? सगळ्यात तळाच्या खेळाडूले किती मिळते आणि किती वर्षं? आणि आपल्या इकडच्या पोरापोरींसाठी यात काही वाट आहे का? 'मेहनतीला पर्याय नाही' छापाचे प्रतिसाद नको.

संत्रा_मृगबहार
११५६ कोटीत वरुड-मोर्शीचे दोन्ही बहार झाडावरच घेता येतील. बर्फावर घसरायले कोण जाते.

हिशोबनीस
आधी वरचा ढाचा घ्या, नाहीतर पुढची वजावट कळणार नाही.

तिकीट, टीव्ही, जाहिरात, स्टेडियमातलं खाणंपिणं अशी खेळातून येणारी जी कमाई, तिची वाटणी मालक आणि खेळाडू यांच्यात अर्धी-अर्धी. हे २०१२-१३ मध्ये मालकांनी टाळेबंदी करून खेळ बंद ठेवला, त्यानंतर ठरलं. त्याआधी खेळाडूंचा वाटा ५७ टक्क्यांवर गेला होता. संघाच्या एकूण पगाराला मर्यादा (कॅप) आली २००५-०६ मध्ये, आणि ती आणण्यासाठी मालकांनी २००४-०५ चा आख्खा हंगाम बुडवला. तेव्हा कॅप ३९ मिलियन डॉलर होती. २०२४-२५ ला ८८, २०२५-२६ ला ९५.५, आणि २०२६-२७ साठी १०४ जाहीर झालीय. एका खेळाडूला कॅपच्या २० टक्क्यांवर देता येत नाही. काप्रिझोवचे १७ मिलियन १०४ मध्ये १६ टक्क्यांच्या जरा वर बसतात.

यादीत जास्तीत जास्त २३ खेळाडू. एकानं १७ नेले की बाकी २२ जणांत ८७. म्हणून तळाला किमान पगाराची माणसं ठेवावीच लागतात. किमान पगार २०२५-२६ ला ७ लाख ७५ हजार डॉलर, २०२६-२७ पासून ८ लाख ५० हजार. धाग्याचा खरा विषय ही तळाची माणसं आहेत.

तिसरी_वेचणी
काका, हा पैसा महिन्याला येतो की हंगाम उठल्यावर एकदम?

हिशोबनीस
हंगाम चालू असतानाच, महिन्यातून दोनदा. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत साधारण १९० दिवस, आणि पगार दिवसावर मोजतात, त्या दिवशी सामना असो नसो. उन्हाळ्यात पगार नाही. साइनिंग बोनस (सहीपोटीची वेगळी रक्कम) ठरला असेल तर तो बहुधा १ जुलैला एकरकमी जमा होतो. सप्टेंबरच्या सराव शिबिरात पगार सुरूच झालेला नसतो.

आणि गंमत पाहा. एप्रिलपासून जूनपर्यंत ज्या स्टॅनली कपसाठी दात पाडून घेतात, त्या प्लेऑफलाही (विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्या) पगार नाही. लीग एक ठरावीक निधी बाजूला काढते, त्यातून फेरीगणिक संघांना वाटणी होते. मोठ्या करारवाल्याला ती रक्कम किरकोळ, तळाच्याला मात्र चांगली.

सालदार_नं_१
म्हणजे साल संपलं पण वेचणी बाकी. आपल्याकडं सांगून पाहा असं. पाडव्याले साल सुटलं की सालदार दुसऱ्या दिवशी बैलाले हात लावत नाही.

बोर्डावरचा_भाव
पऱ्हाटीवाला भाऊ, तुमची कटती तिकडं 'एस्क्रो' नावानं आहे.

खेळाडूंचे करार आधी ठरतात, लीगची कमाई किती झाली हे हंगामानंतर कळतं. सगळ्या करारांची बेरीज कमाईच्या निम्म्याच्या वर गेली तर वरचा पैसा मालकांना परत द्यावा लागतो. तो मागून वसूल कोण करणार? म्हणून दर हप्त्यातून काही टक्के आधीच कापून तिसऱ्याच्या खात्यात ठेवतात. हिशोब जुळला की उरलेलं परत. कोविडच्या तडाख्यात २०२०-२१ ला २० टक्के कापले, शिवाय १० टक्के पगार पुढं ढकलला. २०२२-२३ ला कटती १० वर आली, पुढं ६ वर.

कापूस घेणारी सरकारी सीसीआय ८ टक्क्यांवरच्या ओलाव्याला कापते, १२ च्या वर मालच घेत नाही. फरक एवढाच की आपला ओलावा गाडी उभी असताना मोजतात, त्यांचा हंगाम संपल्यावर.

वर्धा_लाइन
घ्या पट्टी. किमान पगार, हंगाम २०२५-२६, एकटा माणूस, राज्याचा आयकर नसलेल्या ठिकाणचा अमेरिकी संघ. कराचे आकडे ढोबळ, डॉलरमध्ये.

करारातला पगार : ७,७५,०००
एस्क्रो, ६ टक्के धरून : वजा ४६,५००
एजंट, ४ टक्के धरून (३ ते ५ चालतं) : वजा ३१,०००
केंद्राचा आयकर : वजा २,३८,०००
सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (म्हातारपणाचं पेन्शन आणि दवाखान्याची सक्तीची कपात) : वजा २७,०००
परराज्यातल्या सामन्यांचा कर : वजा १५,०००
हाती : ४,१७,५००

शंभरातले ५४. रुपयात साडेतीन कोटी. एस्क्रोतलं काही परत आलं तर वरचा नफा. मिनेसोटात असाल तर राज्याचा वरचा दर ९.८५ टक्के, तो यात आणखी घाला. काप्रिझोवच्या पट्टीत केंद्राच्या आयकराखालोखाल जाड रेघ हीच.

धामणगाव_पॅसेंजर
पट्टी ठीक, पण 'राज्याचा आयकर नसलेलं ठिकाण' वाचून लोक समजतात की फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडा, टेनेसीत गेलं की सुटलो. तसं नाही. खेळाडूच्या कामाचे दिवस मोजतात आणि ज्या राज्यात जितके दिवस काम केलं तितक्या हिश्श्यावर ते राज्य कर लावतं. फ्लोरिडाचा खेळाडू कॅलिफोर्नियात सामन्याला गेला की तेवढ्या दिवसांची कमाई कॅलिफोर्नियाच्या तावडीत. म्हणून एका खेळाडूची दरवर्षी डझनभर विवरणपत्रं भरावी लागतात आणि सीए वेगळा लागतो. तुम्ही एजंट लिहिला, सीए कुठं आहे?

आणि हीच पट्टी टोरांटोत मांडा. टोरांटोचा प्रांत ऑन्टारिओ, तिथला केंद्र आणि प्रांत मिळून वरचा एकत्रित दर ५३.५३ टक्के. त्याच ७ लाख ७५ हजारांतून हाती सव्वातीन लाखांच्या आसपास. कॅनडातले संघही पगार अमेरिकी डॉलरमध्येच देतात, तेवढं बरं.

वर्धा_लाइन
सीए राहिला, कबूल. पण एक पाहा, तळाच्या खेळाडूला गाव निवडता कुठं येतं? पूर्ण मोकळा सोडतात तो वयाच्या २७ व्या वर्षी, नाहीतर सात हंगाम भरल्यावर. तोवर हक्क संघाकडं. कराची गणितं करून गाव निवडणारे वेगळे.

त्यांची एक युक्ती मात्र सांगण्याजोगी आहे. कॅनडा-अमेरिका कर करारात सही करण्यासाठी दिलेल्या रकमेवर कॅनडानं १५ टक्क्यांहून जास्त कर घेऊ नये असं कलम आहे, खेळाडू अमेरिकेचा रहिवासी असेल तर. म्हणून टोरांटोसारखे संघ पगार छोटा आणि साइनिंग बोनस मोठा दाखवतात. जॉन टवारेसनं २०१८ मध्ये ७७ मिलियनचा करार केला, त्यातल्या १५.२५ मिलियनच्या बोनसला कॅनडाचं करखातं पगारच म्हणतंय आणि वाद कर न्यायालयात गेलाय. त्यामुळं या युक्तीवर डोळे मिटून बसू नये.

खारपाण_पट्टा
तुम्ही सगळे एनएचएलच्या आतच फिरताय. तळ त्याच्याही खाली आहे.

एनएचएल संघाला एका वेळी ५० करार ठेवता येतात, वर २३ च खेळतात. बाकीचे खालच्या लीगमध्ये, म्हणजे एएचएलला. त्यांच्यातल्या बहुतेकांचा करार 'टू-वे' असतो, दोन पगार लिहिलेला. उदाहरण घ्या : वर असताना ७ लाख ७५ हजार, खाली असताना ८५ हजार. १९२ दिवसांचा हंगाम धरला तर वर रोजचे ४,०३६ डॉलर, खाली ४४३. नऊपट. सकाळी फोन आला की संध्याकाळपासून रोज नऊपट, आणि जखमी खेळाडू बरा झाला की परत ४४३. मधल्या सुट्टीच्या दिवशी कागदोपत्री खाली पाठवून कॅप वाचवायची पद्धतही सर्रास होती. पोरगं त्याच हॉटेलात झोपलेलं, पगार मात्र खालचा.

म्हणून जाणता एजंट वरचा आकडा फुगवत बसत नाही, तो खालच्या पगारावर आणि 'हमी रकमेवर' भांडतो. म्हणजे कुठंही खेळ, वर्षाला इतके तरी मिळतीलच, असं कलम.

एएचएलच्या खाली ईसीएचएल. तिथं आठवड्याचा पगार, तोही फक्त हंगामात. राहायची सोय संघाची. उन्हाळ्यात कुणी मुलांची शिबिरं घेतं, कुणी बांधकामावर जातं.

सालदार_नं_१
४४३ डॉलर म्हणजे रोजचे ३७ हजार रुपये. अशी रोजंदारी असन तर मलेबी खालीच पाठवा, वर बोलावू नका.

खारपाण_पट्टा
सालदार भाऊ, तुमचा हिशोब उलटा होतो. ४४३ मधूनच कर, एजंट, आणि कॅनडा-अमेरिकेतलं घरभाडं. शिवाय वर्षाचे १९२ च दिवस. इथल्या भावानं तिथली मजुरी मोजायची नसते.

ढगाळ_हवामान
दोन्ही पगार बाजूला ठेवा. कारकीर्द किती? सरासरी पाचेक वर्षं सांगतात, आणि ती सरासरीही वीस-वीस वर्षं खेळणाऱ्यांनी वर ओढलेली.

चढण अशी आहे. चार-पाचव्या वर्षी स्केटवर. चौदा-पंधराव्या वर्षी ज्युनिअर लीगचे संघ निवडतात. सोळा ते वीस ज्युनिअर, बहुतेक पोरं परगावी दुसऱ्याच्या घरी राहून खेळतात. अठराव्या वर्षी एनएचएलचा ड्राफ्ट, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात ते : ७ फेऱ्या, ३२ संघ, २२४ नावं. नाव आलं म्हणजे करार झाला असं नाही, फक्त हक्क एका संघाकडं गेला. पहिला करार १८ ते २१ वयात केला तर सक्तीनं तीन वर्षांचा, आणि पगाराला वरून झाकण. २०२४ आणि २०२५ च्या ड्राफ्टवाल्यांना ९ लाख ७५ हजार. नावं आलेल्यांतल्या बहुतेकांचे एनएचएलमध्ये शंभर सामनेही होत नाहीत.

पण ड्राफ्टचा नंबर म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. हा काप्रिझोव २०१५ च्या पाचव्या फेरीत, १३५ व्या नंबरावर गेला होता. पुढची पाच वर्षं तो रशियातच खेळला, २०२० ला अमेरिकेत आला.

पूर्वी ज्युनिअर लीगमध्ये एकदा खेळलं की अमेरिकन कॉलेजचं दार बंद. ते ऑगस्ट २०२५ पासून उघडलं. वय १८ ते २२ मधल्या पोरांसाठी पगारवाढीपेक्षा हा बदल मोठा आहे, कारण ड्राफ्ट हुकला तरी शिष्यवृत्तीवर शिकता येतं.

एक_एकर_बागायत
आणि त्या चार-पाच वर्षांच्या पोरामागं बापाचा खर्च? बूट आणि काठी एवढंच लागते का?

ढगाळ_हवामान
हेल्मेट, गळापट्टी, खांदा, कोपर, हातमोजे, मांडी-कंबरेची पँट, नडगीची पट्टी, स्केट, काठी. वरच्या दर्जाची स्केट जोडी हजार डॉलरच्या पुढं, कार्बनची काठी तीनशेच्या पुढं, आणि ती एका फटक्यात मोडते. वाढत्या पोराचे स्केट दर वर्षी-दीड वर्षी बदलावे लागतात. यावर बर्फाचं तासाचं भाडं, प्रशिक्षक, प्रवास. गोलकीपरचं सामान याच्या दुप्पट-तिप्पट. एनएचएलला पोहोचलात की सगळं संघ देतो, म्हणजे जेव्हा परवडतं तेव्हा फुकट.

लोक फसतात ते धारेत. स्केटच्या पात्याला खाली खोलगट नाळ असते, दोन्ही कडा धारदार. नाळेची गोलाई साधारण अर्धा इंच ठेवतात. खोल केली तर कड बर्फात रुतते, वळताना पकड मिळते पण वेग मरतो आणि मांड्या लवकर भरतात. उथळ केली तर घसरण चांगली, थांबताना पाय सरकतो. आणि दोन कडा समान उंचीच्या नसतील तर पोरगं एकाच बाजूला वळायला घाबरतं, बाप त्याला रागावतो, दोष पात्याचा असतो. पात्यावर आडवं नाणं ठेवून पाहिलं की लगेच कळतं.

ज्वारीची_आंबील
पोरींचं कुणी लिहिलं नाही म्हणून मीच लिहिते.

उत्तर अमेरिकेतली बायकांची लीग, पीडब्ल्यूएचएल, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. सहा संघ होते, २०२५-२६ ला सिॲटल आणि व्हँकुव्हर धरून आठ. पहिल्या हंगामाला किमान पगार ३५ हजार डॉलर, संघाची सरासरी ५५ हजार, आणि प्रत्येक संघात किमान सहा जणींना ८० हजार किंवा वर. हे आकडे दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढतात. वर्धा_लाइन यांची पट्टी उघडा : ३५ हजार म्हणजे एनएचएलच्या किमान पगारवाल्याचे नऊ दिवस.

तरीही ही सुधारणा आहे, कारण करार लीगनं थेट खेळाडू संघटनेशी केलाय, २०३१ पर्यंतचा. आधीच्या लीगा मधेच बंद पडायच्या.

आपल्या पोरींचं सांगायचं तर भारताचा महिला संघ २०१६ मध्ये उभा राहिला, तैपेईला जायला लोकवर्गणी काढावी लागली. २०१७ ला बँकॉकमध्ये फिलिपिन्सवर पहिला विजय. २०२५ च्या जूनमध्ये अल ऐनला आशिया कपचं कांस्य. संघ बहुतांश लडाखचा, थोडा हिमाचलचा.

पाटबंधारे
काय भाऊ, हॉकीत आपण ध्यानचंदचा देश. पैसा तर आपल्या हॉकी लीगमध्येबी आहे ना?

हिशोबनीस
पाटबंधारे, तो मैदानी हॉकीचा फाटा. पण तुलना करायचीच तर करा. हॉकी इंडिया लीगच्या २०२४ च्या लिलावात सगळ्यात महाग हरमनप्रीत सिंग, ७८ लाख रुपये. प्रो कबड्डीत २०२३ ला पवन सेहरावत २ कोटी ६० लाखांवर. आपल्या भागातल्या पोराच्या आवाक्यातला आकडा हा दुसरा आहे, कबड्डीचं मैदान दर गावात आहे.

शीतगृह_ऑपरेटर
मैदानावरून आठवलं, रिंक इकडं होईल का? होईल, पण संत्र्याच्या शीतगृहासारखी नाही.

एनएचएलची रिंक २०० फूट बाय ८५ फूट. १७,००० चौरस फूट, म्हणजे साडेपंधरा गुंठे. संत्र्याला ६-७ अंश पुरतात. इथं काँक्रीटच्या लादीत पुरलेल्या नळ्यांमधून उणे ९-१० अंशांचं मिठाचं किंवा ग्लायकॉलचं पाणी फिरवायचं, तेव्हा वरचा बर्फ उणे ५-६ ला राहतो. तेच कॉम्प्रेसर इतक्या खाली चालवलं की त्याची क्षमता बरीच पडते, म्हणजे यंत्र मोठं घ्यावं लागतं. बर्फाचा थर जेमतेम सव्वा इंच. पाणी साधारण ४४ हजार लिटर, दहा हजारी टँकर साडेचार. ते एकदम ओतायचं नसतं, पातळ फवारे मारत थरावर थर चढवायचे. पांढरा रंग आणि रेघा मधल्या थरात.

अडचणी इथल्याच. पहिली जमीन. रिंकच्या लादीखाली इन्सुलेशन आणि त्याखाली गरम नळ्या टाकल्या नाहीत तर खालची ओल गोठून जमीन वर उचलते आणि लादी तडकते. आपली काळी कपाशीची जमीन तर आधीच पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती खोदून मुरूम भरल्याशिवाय हात लावू नये. दुसरी हवा. जुलै-ऑगस्टची दमट हवा आत शिरली की बर्फावर धुकं आणि वर खरबरीत पापुद्रा, हवा कोरडी करायचं यंत्र वेगळं. तिसरी छत. मे महिन्यात तापलेला पत्रा खाली उष्णता ओकतो, बर्फ वरून मऊ पडतो. छताच्या आतून चकचकीत फॉइल लावावी लागते.

खारपाण_पट्टा
आणि चौथी पाणी. आमच्या पट्ट्यातलं बोअरचं पाणी घातलं तर क्षारामुळं बर्फ मऊ आणि गढूळ होईल, आरओ लागेल. पुन्हा बर्फ गुळगुळीत करणारी गाडी गरम पाणी टाकते, कारण गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी आणि ते चरे वितळवून त्यांच्यात बसतं. तेही आरओचंच.

संत्रा_मृगबहार
लोडशेडिंग झालं की स्विमिंग पूल. दोन खेळ एका बिलात.

शीतगृह_ऑपरेटर
हसू नका. डेहराडूनची हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधली, मग वर्षानुवर्षं बंद पडून होती. विजेचं बिल आणि देखभाल झेपली नाही. २०२५ मध्ये परत सुरू झाली. बांधणं सोपं, बाराही महिने गार ठेवणं कठीण.

उचल_वळती
मूळ विषयावर येतो. करार झाला, मधेच पाय मोडला किंवा खेळ उतरला तर पैसा जातो का?

बोर्डावरचा_भाव
खेळताना झालेल्या दुखापतीत पगार चालू राहतो. एनएचएलचे करार हमीचे असतात. नको झाला तर संघ 'बायआउट' करतो : २६ किंवा जास्त वय असेल तर उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश, त्याहून लहान असेल तर एक तृतीयांश, आणि ते उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात. उदाहरण : दोन वर्षांचे ६-६ मिलियन बाकी, वय ३१. १२ चे दोन तृतीयांश ८, चार वर्षांत वर्षाला २. खेळाडू मोकळा, दुसरीकडं सही करू शकतो. साइनिंग बोनसला मात्र बायआउटची कात्री लागत नाही, तो पूर्ण द्यावाच लागतो. काप्रिझोवच्या १३६ मधला बहुतांश भाग बोनसमध्ये का टाकला, ते यावरून समजा.

उचलीचं विचारलंत म्हणून, तिकडंही उचल आहे. जॅक जॉन्सन नावाचा बचावपटू, २०११ मध्ये साडेतीस मिलियनचा सात वर्षांचा करार, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. कारण पुढच्या पगाराच्या भरवशावर काढलेली चढ्या व्याजाची कर्जं. पीक उभं असताना सावकारानं वावर लिहून घ्यावं, तोच प्रकार, फक्त वकील महागडे.

धामणगाव_पॅसेंजर
एनएचएल हुकली की युरोप, हेही लिहून ठेवा. स्वित्झर्लंड, स्वीडन, फिनलंड, जर्मनी. आकडा एनएचएलपेक्षा बराच कमी, पण घर आणि गाडी बहुधा क्लबची. करार पाहताना पहिला प्रश्न एकच विचारायचा : हा आकडा कर कापून की कर धरून? स्विस आणि रशियन बोलाचालीत अनेकदा हातात पडणारा आकडा सांगतात, अमेरिकन एजंट वरचा. दोन्ही शेजारी मांडून लोक चुकीचा करार निवडतात. रशियाच्या केएचएलमध्ये पगार रुबलमध्ये असतो, म्हणजे विनिमय दराची जोखीम खेळाडूची.

तिसरी_वेचणी
भारतीय कुणी पोहोचलं का वर?

ढगाळ_हवामान
भारतीय वंशाचे, हो. रॉबिन बावा पहिला, १९८९-९० ला वॉशिंग्टनकडून. मग मॅनी मल्होत्रा, जुझार खैरा. अर्शदीप बैन्स ब्रिटिश कोलंबियातल्या सरेचा. ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही, तरी २०२१-२२ ला पश्चिम कॅनडाच्या ज्युनिअर लीगमध्ये (डब्ल्यूएचएल) सगळ्यात जास्त गुण काढले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हँकुव्हरकडून एनएचएलला उतरला. हे सगळे तिकडंच जन्मलेले-वाढलेले. इथून गेलेला कुणी नाही.

पऱ्हाटीवाला
मस्त धागा झाला, सगळ्यांचे आभार. पण माझा शेवटचा प्रश्न तसाच राहिला. अमरावती-नागपुरात रोलर स्केटिंगची पोरं आहेत. त्यातल्या एखाद्यानं बर्फावर जायचं म्हटलं तर?

हिवाळी_शिबिर
यावर कोरडं उत्तर देते.

पैशासाठी जायचं असेल तर नाही. भारतात या खेळाची पगारी लीग नाही. आइस हॉकी असोसिएशन १९८९ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य आहे, पण खेळ चालतो तो लेह-कारगिलच्या डिसेंबर ते फेब्रुवारीच्या नैसर्गिक बर्फावर, आणि थोडा कृत्रिम रिंकवर. खेळातून घर चालतं ते नोकरीमुळं. आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) आणि सैन्याचे संघ मजबूत, लडाखच्या खेळाडूंची पक्की कमाई तीच. आयटीबीपीत कॉन्स्टेबल जीडी म्हणजे स्तर ३, मूळ वेतन २१,७०० रुपये, वर भत्ते. ही आपल्या देशातली खरी पट्टी.

इनलाइन (एका रांगेत चाकं असलेल्या) स्केटवाल्या पोराला पुढं चालण्यात अडचण येत नाही, अडचण थांबण्यात येते. चाकावर आडवं पाऊल घासून थांबता येत नाही, बर्फावर तेच मुख्य थांबणं. पहिला आठवडा फक्त ते करायचं, दोन्ही बाजूंनी, कारण प्रत्येकाची एक बाजू आंधळी असते. पक, म्हणजे चेंडूऐवजीची चकती, १७० ग्रॅमचं रबर, सामन्याआधी गोठवलेलं, उसळू नये म्हणून. चेंडूच्या सवयीनं काठी उचलून मारायला गेलात तर मनगट भरतं.

लेह ३,५०० मीटरवर. पोचल्यावर दोन दिवस काहीही करायचं नाही, पाणी प्यायचं. नैसर्गिक बर्फात वाळूचे कण असतात, धार दोन-तीन सत्रांत जाते आणि धार लावायचं यंत्र जागोजागी नसतं, म्हणून हातानं घासायचा दगड सोबत ठेवायचा.

महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण स्पर्धा आणि खेळ शासनाच्या निकषात बसतो का हे आधी विभागीय उपसंचालक कार्यालयात विचारायचं. प्रमाणपत्राची पडताळणी तिथंच होते. आधी खर्च आणि मग चौकशी, असं केलं की फाइल अडकते.

एक_एकर_बागायत
म्हणजे पहिली पार्टी हरली.

हिवाळी_शिबिर
हरली असं नाही. डेव्हिड आयर्स माहीत असेल. टोरांटोच्या एका रिंकवर इमारत सांभाळायचा, बर्फाची गाडीही चालवायचा, वय ४२. २२ फेब्रुवारी २०२० ला एनएचएलच्या कॅरोलिना संघाचे दोन्ही गोलकीपर जखमी झाले, याला उतरवलं, कॅरोलिना टोरांटोविरुद्ध ६-३ नं जिंकली. व्यावसायिक करार नाही, पगार नाही. लीग आणि खेळाडू संघटनेच्या नव्या करारानुसार आता संघांना राखीव गोलकीपर नोकरीवर ठेवावा लागणार. म्हणजे शीतगृह_ऑपरेटर यांनी रिंक बांधली तर गाडी चालवता चालवता...

शीतगृह_ऑपरेटर
मी गोलात उभा राहणार नाही, आधीच सांगतो. कोटेशन मात्र देईन.

मोजणी_खाते
कोटेशनच्या आधी दुरुस्ती. रिंकचे चारही कोपरे गोल असतात, त्रिज्या २८ फूट. चौकोनातून ६७३ चौरस फूट कमी करा. उरले १६,३२७, भागिले १,०८९. पंधरा गुंठे. साडेपंधरा नाही.

शीतगृह_ऑपरेटर
मान्य. टँकरही मग साडेचारच्या थोडे आत येतील का?

मोजणी_खाते
नाही, तो आकडा तुम्ही गोल कोपरे धरूनच काढलाय, ताळा करून पाहिला. फक्त गुंठे चुकले होते.